तानाबाईच्या पाच खेपा

१

तानाबाईला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्यानंतर ती पाच वेळा नातीला भेटून गेली होती.

अभिराम सरांनी हे मैथिलीला अगदी शांतपणे सांगितलं. सर पारंबी बालगृहाचे सचिव. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि अजूनही नकाशावर बोट ठेवल्यासारखं बोलायचे. आत्ता ते बोट भेटींच्या नोंदवहीवर होतं.

"बिद्रीजवळच्या त्यांच्या गावात आमची कार्यकर्ती जाऊन आली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद आहे, गेल्या वर्षीच्या एप्रिलची. आणि आता हे बघा. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, परत जुलै. दर तीन महिन्यांनी तानाबाई आल्या, तासभर बसल्या, अंगठा करून गेल्या."

"कुणाचा अंगठा?"

"ते मला ठाऊक नाही. नोंद कुणी केली ते ठाऊक आहे." सरांनी वही तिच्याकडं फिरवली. "अक्षर तुम्ही ओळखाल."

न ओळखायला काय झालं? विमलाबाई म्हणजे तिची आई. बावीस वर्षं इथं अधीक्षिका. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत तिच्या छातीत कळ आली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून मैथिलीच्या हातात एक पाकीट आलं. चष्मा, घड्याळ आणि दोन हिरव्या काचेच्या बांगड्या. वडील गेल्यापासून आईनं काच घातली नव्हती. या बांगड्या दुसऱ्या कुणाच्या असतील, नर्सची गफलत झाली असेल, असं म्हणून मैथिलीनं पाकीट मिटलं होतं. ते अजून पर्समध्येच होतं.

"त्यांची नात पूर्णिमा साडेसहा वर्षांची झाली," सर म्हणाले. "जोवर घरचं कुणी भेटायला येतं, तोवर पोर दत्तक देता येत नाही. नियम चांगलाच आहे. गरिबीपायी पोर ठेवून गेलेल्या आईबापांचं पोर परस्पर जाऊ नये म्हणून केलेला. पण इथं भेटायला येणारं माणूसच हयात नाही. दीड वर्षापूर्वी या मुलीची वाट मोकळी व्हायला हवी होती. एवढ्याशा पोराला घर मिळायचं म्हणजे एकेक महिना मोलाचा असतो. तो कुणीतरी खाल्ला."

"कुणीतरी म्हणजे आईनं."

"सोमवारी बालकल्याण समितीपुढं अहवाल ठेवायचाय. दिवंगत अधीक्षिकांनी खोट्या नोंदी केल्या, असं लिहावं लागेल. तुम्हाला आधी सांगावं म्हणून बोलावलं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर लिहिलं की हरकत घ्यायला कुणी येत नाही, नाही का?" मैथिलीनं वही जवळ ओढली. "आज शुक्रवार. सोमवारपर्यंत ही माझ्याकडं राहू दे."

२

पुण्यात जुन्या पोथ्यांच्या एका संग्रहात मैथिली फाटके कागद जोडायचं काम करायची. लिहिणाऱ्याचा हात कुठं थकला, कुठं दिवा मंद झाला, हे तिला अक्षरावरून कळायचं. पण आईचं अक्षर वाचताना तिचंच डोकं चालेना.

तानाबाई जिवंत असतानाची पानं सरळ होती. आईचं अक्षर ओळीवर मोत्यासारखं. शेजारी अंगठे मात्र तिरके, फासटलेले, अर्धे रकान्याबाहेर. दुसऱ्यानं हात धरून टेकवल्यासारखे.

नंतरच्या पाच ओळींत सगळं उलटं. आईचं अक्षर ओळ सोडून वर चढलेलं, कुठं दोन शब्द एकमेकांवर बसलेले. अंगठा मात्र उभा, स्वच्छ, 'सही अथवा अंगठा' अशा छापील शब्दांखालच्या अरुंद चौकोनात नेमका. दोन माणसांनी आपापली जागा बदलावी तसं.

अक्षर बिघडलं, कारण खोटं लिहिताना हात थरथरला असेल? मग अंगठा का थरथरला नाही?

लेखनिक सम्राट तिशीचा. फायलींच्या कपाटामागून तो बाहेरच येईना.

"भेटीची वही बाईच लिहायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या न्हाईत," तो म्हणाला.

"का?"

"ते मला काय म्हाईत?"

"तानाबाई आलेल्या तू पाहिल्यास?"

"मी ह्या खोलीत असतोय." मग एकदम आवाज उतरवून, "ताई, एक सांगू? पोरांची संख्या ठरल्यापेक्षा खाली आली की बालगृहाची मान्यता जाते. आधीच चार पोरं दत्तक गेल्यात. लोक बोलणारच. मी न्हाय म्हणत. लोक."

"लोकांनी तुला नेमलंय का बोलायला?"

सम्राट गोरामोरा झाला. बाहेर पडताना मैथिलीला दारामागं शालूबाई दिसली. पंधरा वर्षं इथं असलेली आया, कंबरेवर हात देऊन उभी.

"त्याला इचारा की," ती मोठ्यानंच म्हणाली, "सकाळी धा ते अकरा दार लावून आत काय चालायचं? बाई आन् ह्यो, दोघंच. आमाला चहा सुदिक आत न्यायची बंदी!"

मैथिलीनं वळून पाहिलं. सम्राटनं खोलीचं दार लावून घेतलं होतं.

३

"आता तुमचं बोलू, शालूबाई. पूर्णिमावर तुमचा फार जीव."

"हाय की. चोरी हाय व्हय?"

"ती दत्तक गेली तर?"

"तर रडीन चार दिस. आजवर एकोणीस पोरं रडून घालवल्यात मी." शालूबाईच्या लक्षात आलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं बया! मी अंगठा केला म्हनता?"

"करून दाखवा."

शाईचा डबा उघडा होता. शालूबाईनं तावातावानं अंगठा बुडवला आणि कोऱ्या कागदावर आखलेल्या चौकोनात टेकवला. तिरका, फासटलेला, अर्धा बाहेर. मग सवयीनं अंगठा तेलकट केसांना पुसला.

ज्याला अक्षर येत नाही त्याला चौकोनाचं सोयरसुतक नसतं. तो फक्त अंगठा देतो. म्हणजे त्या पाच अंगठ्यांमागचं माणूस वाचणारं होतं. वाचता येणाऱ्यानं येत नसल्याचं सोंग केलं होतं.

म्हणजे शालूबाई नव्हे. मग आईच?

फाटकावरच्या गुंडूनं तो संशय वेगळ्याच दिशेला वळवला.

"आलती की म्हातारी! पाची टायमाला. मी काय झोपतोय व्हय हितं? डोक्यावर पदर, हातात पिशवी. भेटीचं कार्ड दावलं, आत सोडली."

"तीच होती कशावरून?"

"कार्डावरनं."

"चेहरा?"

"कार्डावर फोटूच न्हाय, तर चेहरा कशाला जुळवू? ताई, हितं आठवड्याला पन्नास म्हाताऱ्या येत्यात. मला सगळ्या माझ्या आत्तीसारख्या दिसत्यात."

म्हणजे नोंदी हवेतल्या नव्हत्या. खरोखर कुणीतरी येत होतं.

पूर्णिमा पायरीवर खडूनं चौकोन आखत होती. मैथिली शेजारी बसली.

"तुझी आजी येते का गं भेटायला?"

"येती की."

"पावसाळ्यात आली होती?"

"व्हय. बांगड्या भरल्या." तिनं हात पुढं केला. हिरव्या काचेच्या, आत पिवळा ठिपका असलेल्या. मैथिलीनं मोजल्या. सात. एक सरकवून पाहिली, तर ती अंगठ्याच्या हाडावरच अडली.

"ओढू नगासा," पोरगी दटावत म्हणाली. "वाढवली तर आजी रागवती."

बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. बालगृहात वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवलं?

"तुम्ही भरल्यात का या?" तिनं शालूबाईला विचारलं.

"मला कुठनं येतंय! असल्या घट्ट मापाच्या चढवायच्या म्हंजे खायचं काम हाय? बाईंनी ठिवू दिल्या, न्हाईतर हितं काच चालतच न्हाय."

पूर्णिमा पुन्हा चौकोनात उड्या मारू लागली. मेलेली आजी पावसात येऊन बांगड्या भरून गेली, यात तिला काहीच वावगं वाटत नव्हतं.

४

आवाराच्या टोकाला आईची खोली होती. ती आवरायचं मैथिली दोन महिने टाळत आली होती.

स्वयंपाकाच्या फळीवर एकसारखे डबे. मिठाच्या डब्याला सुतळी बांधलेली, साखरेच्या डब्याला नाडी, चहाच्या डब्याला काहीच नाही. आईला नीटनेटकेपणाचा सोस, असं मैथिलीला वाटलं. उशाशी पुस्तकं होती, तिनंच दर महिन्याला पाठवलेली. प्रत्येकात तिनं घातलेली खूण, जिथं घातली तिथंच. आईनं एकही पान उलटलं नव्हतं.

हे लागलं. रविवारी फोनवर आई म्हणायची, "तूच वाच की गं. तुझ्या आवाजात ऐकते." मैथिली तासभर वाचायची. पुस्तकं न उघडताच आई इतकी खुशाल कौतुक करत होती?

दार वाजलं. सम्राट होता.

"शालूबाई काय बोलली ते ऐकलं मी. बाईंनी शपथ घातलती, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. पण आता कुणासाठी पाळू?" तो उंबऱ्यातच उभा राहिला. "मी सकाळी बाईंना कागद वाचून दाखवत होतो. आलेली पत्रं, फायली, सगळं. त्यांना दिसत न्हवतं, ताई. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. वर्ष-दीड वर्ष नुसती धुरकट सावली दिसायची. दिसत न्हाय म्हटल्यावर घरी बसवलं असतं. त्या म्हणायच्या, घरी कुठं? हेच घर."

मैथिली खाटेवर बसली. सुतळी. नाडी. न उलटलेली पानं. ओळ सोडून चढलेलं अक्षर. पोथ्यांतला मंद दिवा ओळखणारीला आईचा ओळखता आला नव्हता.

"म्हणजे समोर कोण बसलंय ते तिला कळलंच नाही," ती हळूच म्हणाली. "तिनं फसवलं नाही. तिला फसवलं गेलं."

"तसंच असंल." सम्राट घुटमळला. "एक गोष्ट मात्र मला उमगली न्हाय. जुलैत बाईंनी माझ्याकडनं एक अर्ज लिहून घेतला, पूर्णिमासाठी. रक्ताचं नातं नसलेल्या घरात पोर सांभाळायला द्यायचा असतो, तो. सगळं लिहिलं, अर्जदाराचं नाव तेवढं कोरं ठेवलं. मी इचारलं, तर म्हणाल्या, ते माणूस आपलं नाव आपण होऊन सांगंल, तवा लिहू."

तो गेला. मैथिलीनं आईचा चष्मा बघायला पाकीट उघडलं. जवळजवळ निरुपयोगी झालेला तो चष्मा आई शेवटपर्यंत लावत होती. चष्म्याबरोबर दोन बांगड्या खाटेवर पडल्या.

हिरव्या. आत पिवळा ठिपका.

आई निर्दोष ठरून अर्धा तासही झाला नव्हता.

५

बिद्रीच्या पुढं फाट्यावर उतरून, शनिवारी सकाळी, तिनं टपरीवर एकच प्रश्न विचारला.

"तानाबाईच्या शेजारी बांगड्या भरणारं कुणी राहतं का?"

"हाफिजाआजी की! पावणं कुठलं?"

दारात बांगड्यांच्या माळा टांगलेल्या. आत सत्तरीची ठेंगणी बाई सुपात शेंगा निवडत होती. मैथिलीला बघून तिचे हात थांबले.

"बाईंची लेक न्हवं? नाक तेच हाय." तिनं हातातली शेंग सुपात टाकली. "बाई गेल्याचं कळलं मला. फाटकावरनं माघारी आले ऑक्टोबरात. आत जायचा धीर झाला न्हाय."

"आजी, तुम्हाला वाचता येतं."

"सातवी पास हाय, मराठी शाळेत."

"मग अंगठा का केला?"

हाफिजानं सूप खाली ठेवलं. "चाळीस वर्षांची शेजारीण माझी तानाबाई. सून मेली, पोरगा परागंदा झाला, हिला उसाच्या फडात राबून दोन घास मिळंनात, म्हणून पोरगी तिथं ठिवली. शेवटच्या दिसांत कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाली, माझी खेप मोडू नको. पोरीला वाटंल, टाकली. मी गेले, तर फाटकावर म्हणाला, कार्डावरलं माणूसच आत. मग झाले तानाबाई! तिला सही येत न्हवती, मग मला कशी यायची?"

"त्या खेपांमुळंच पूर्णिमा अडकली, आजी. भेटायला नातेवाईक येतात म्हटल्यावर तिला कुणाच्या घरी देता येईना."

"मी येत हुते म्हणून?"

"हो."

"या अल्ला! मी दर टायमाला वळून बघायची, पोरगी जाळीला धरून हुबी. आन् जाळी मीच हुते व्हय?"

आईला माहीत होतं का, हे मैथिलीला विचारायचं होतं. त्याची भीती वाटली, म्हणून तिनं बांगड्या पुढं केल्या.

"या आईच्या हातात कशा आल्या?"

"मीच भरल्या, जुलैत." हाफिजानं त्या ओळखीनं हातात घेतल्या. "पहिल्या खेपेला बाईंनी माझा हात धरला, बराच येळ. म्हणाल्या, तानाबाई, तळव्याला घट्टे नाहीत, खुरपं सोडलंस वाटतं. मी गप. त्या बी गप. मग शाईचा डबा पुढं सरकवला. आन् शेवटच्या खेपेला त्यांनीच हात पुढं केला. 'मलाही भर दोन. पोरगी हात धरून नेते मला. वाजल्या की तिला कळंल, मी आले.'"

"बांगड्या भरायला सांगितल्या? तानाबाईला?"

"तवा मला बी वाटलं, आता बाई नाव इचारणार. मी वाट बघितली. त्यांनी इचारलं न्हाय."

आणि आई वाट बघत होती, ही सांगेल म्हणून. अर्जातली एक कोरी जागा दोन बायकांनी एकमेकींसाठी राखून ठेवली होती, आणि मधल्या मधे एक पोरगी दीड वर्ष मोठी झाली होती.

६

सोमवारी समितीच्या दाराबाहेर अभिराम सरांनी तिला बाजूला घेतलं. सम्राटकडून त्यांना डोळ्यांचं कळलं होतं, तिच्याकडून हाफिजाचं.

"दिसत नव्हतं, एवढंच सांगा. त्यात कुणाची बेअब्रू नाही. तुमच्या आईंची तर नाहीच."

"आणि हाफिजाआजी?"

"त्यांनी तोतयेगिरी केली, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय हिंदू मुलगी, मुसलमान घर. उद्या कुणी पेपरात दिलं तर? विमलाबाईही त्यामुळंच कचरल्या असतील."

असतीलही. मैथिली दोन दिवस तेच तपासत होती. आई घाबरली, की हट्टाला पेटली, की निव्वळ थकली? एकेका कारणाला पुरावा होता आणि एकही पुरत नव्हतं.

आत अध्यक्षबाईंपुढं तिनं वही उघडली. चौकोनातला नेमका अंगठा म्हणजे वाचणारं माणूस. घट्ट बांगड्या म्हणजे त्या कामात मुरलेला हात. ओळ सोडलेलं अक्षर म्हणजे न दिसणारी अधीक्षिका. सम्राटनं मान डोलावून दुजोरा दिला.

"म्हणजे एका अंध बाईला फसवून या आत आल्या," अध्यक्षबाई कोपऱ्यातल्या हाफिजाकडं बघत म्हणाल्या. "अशा बाईच्या हाती मूल कसं द्यायचं?"

इथं थांबलं असतं तर आईचं नाव स्वच्छ राहिलं असतं. अभिराम सरांनी डोळे मिटून घेतले, थांबा असंच म्हणावं तसे.

मैथिलीनं दोन बांगड्या टेबलावर ठेवल्या आणि शेजारी कोऱ्या नावाचा अर्ज.

"माझ्या आईला दिसत नव्हतं," ती म्हणाली, "पण तिला माहीत होतं. शेतात राबणाऱ्या बाईला कुणी 'मला बांगड्या भर' म्हणत नाही. या अर्जाच्या पंधरा दिवस आधी तिनं या बांगड्या भरून घेतल्या. समोरची तानाबाई नाही हे जाणून तिनं पाच वेळा तानाबाईचं नाव लिहिलं. ही चूक तिची आहे, तिच्याच नावावर लिहा. पण हाफिजाआजींनी तिला फसवलं नाही. तिनं त्यांना ओळखलं होतं आणि पूर्णिमासाठी निवडलंही होतं."

अध्यक्षबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग पूर्णिमाला आत बोलावून शेजारी बसवलं.

"बाळ, तुला भेटायला कोण यायचं?"

"हाफिजाआजी."

"आणि तानाबाईआजी?"

"ती मेली." पोरीनं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. "कवाच मेली. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

तीन दिवस दारोदार हिंडलेल्या मैथिलीला जमिनीत शिरावंसं वाटलं. 'तुझी आजी' म्हणून तिनं विचारलं होतं. कुठली आजी, हे विचारलं नव्हतं.

तानाबाईच्या पाच नोंदी रद्द झाल्या, विमलाबाईंवर ठपका आला, बालगृहाची चौकशी लागली. अर्ज नाव भरून आणला की दाखल करून घ्यायचं ठरलं. सरांनी पेपरवाल्यांचं नाव काढलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी घर बघून येऊ. ते चांगलं नसेल तर दत्तकाच्या यादीत नाव लावू. आता मुलगी कुणाच्या वहीत अडकून राहणार नाही."

दुपारी पारंबीच्या कचेरीत भेटीच्या वहीत नवी ओळ लिहायची होती. हाफिजाचा हात आपसूक शाईच्या डब्याकडं गेला. मैथिलीनं डबा मिटून पेन पुढं केलं. हाफिजानं शाळेतल्या वळणानं, एकेक काना ओढत सही केली. चौकोनात, नेमकी.

"नातं काय लिहू?"

"शेजारीण."

मैथिलीनं तेच लिहिलं. मग अर्जातल्या कोऱ्या जागेत हाफिजाचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली आईच्या चढत्या अक्षरातली सही होती, तिच्यावर क्षणभर बोट ठेवलं. बाहेर पूर्णिमा शालूबाईला उड्या मारायला शिकवत होती.

मैथिलीनं पाकिटातल्या बांगड्या टेबलावर ठेवल्या. मग हात पुढं केला. हाफिजानं तो मांडीवर घेतला, तळवा दाबून अंगठा आत मुडपला आणि पहिली बांगडी टेकवली.

"सैल सोड की हात," ती खेकसली. "आईनं बी तुझ्या असाच ताठ धरला हुता."